निळ्या ग्रहावरची उडी

हर्षद पुण्याहून हैदराबादला आला तो नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे संगणक तारखांचा घोळ घालणार, अशी तेव्हा सगळीकडे धास्ती होती, आणि ती निस्तरायला अमीरपेठेतल्या एका कंपनीनं एका झटक्यात शंभर-सव्वाशे पोरं भरती केली होती. त्यांतला हा एक. पंचवीस वर्षांचा, हुशार, बोलण्यात पटाईत, आणि समोरच्याचं काही चुकलं तर ते त्याला सांगितल्याशिवाय घास न उतरणारा.

राहायला काचीगुड्यात खोली मिळाली. स्टेशनमागच्या गल्लीत हणमंतराव बिरादारांचं घर होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर. हणमंतराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून नुकतेच निवृत्त झालेले. मूळचे उदगीरकडचे, पण त्यांच्या वडिलांनी निजामाच्या राज्यातच शेत भावकीच्या हवाली करून शहर गाठलेलं. बोलणं मोजकं, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "जेवण खाली येऊन करायचं, लेकरा. हाटेलातलं खाऊन पोट बिघडवू नक्को."

त्यांना एकच मुलगा, गौतम. वय अठ्ठावीस. रुंद खांदे, कपाळावर टाक्यांची जुनी खूण, आणि चालणं मांजरासारखं, आवाज न करणारं.

"तुम्ही काय करता?" हर्षदनं त्याला पहिल्या जेवणात विचारलं.

"मार खातो," गौतम म्हणाला. "पगार घेऊन."

हणमंतरावांनी ताटातून मान वर केली नाही. मालनबाई हसल्या. गौतम तेलुगू सिनेमात फायटर होता. हिरो ज्या आठ-दहा जणांना एका दमात लोळवतो त्यांतला एक, आणि हिरोची उंची-बांधा जुळला की उड्या मारायला हिरोचा डूप. दहा वर्षं तो यादगिरी मास्टर नावाच्या फाइट मास्टरच्या हाताखाली हेच करत होता. हणमंतरावांना हे काम मुळीच पसंत नव्हतं. कुणी विचारलं तर ते "मुलगा सिनेमा लाइनीत आहे" एवढंच म्हणत, आणि लगेच विषय बदलत.

महिन्याभरात 'तुम्ही' गळून 'तू' आलं. रविवारी दोघं आबिड्सला जात. हर्षद फुटपाथवर मांडलेल्या जुन्या पुस्तकांतून विज्ञानाची इंग्रजी मासिकं उपसून काढी, गौतम शेजारी उभा राहून चित्रं बघे. त्याला मराठी बोलता छान येई, पण वाचताना तो बोट ठेवून अक्षर लावी. शाळेत तेलुगू, गल्लीत उर्दू, घरात मराठी, आणि कुठलीच लिपी नीट हातात बसलेली नाही. मग दोघं दुपारच्या खेळाला जात आणि संध्याकाळी गच्चीवर बसून पाहिलेल्या सिनेमाची चिरफाड करत. मालनबाई चहा आणि उस्मानिया बिस्किटं वर पाठवत. हर्षदला त्या शहरात दुसरं कुणी नव्हतं, आणि दुसरं कुणी असायला हवं असंही त्याला तेव्हा वाटत नव्हतं.

जून महिन्यात गौतम एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आला. 'नीलग्रहम्' हा दोन वर्षांपूर्वी शंभर दिवस चाललेला तेलुगू सिनेमा. एका चिमुकल्या निळ्या ग्रहावर खाणीत राबणारी माणसं, त्यांचा जुलमी मालक, आणि त्याच्याविरुद्ध उठलेला एक मजूर, अशी गोष्ट. पुठ्ठ्याची यानं, रंगवलेलं आकाश. हर्षद सुरुवातीला खदाखदा हसत होता. पण मध्येच एक प्रसंग आला. खाणीतला एक म्हातारा हातातला दगड वर फेकतो, मग सावकाश भांडंभर पाणी पितो, भांडं खाली ठेवतो, आणि तेव्हा कुठे तो दगड तरंगत तरंगत त्याच्या हातात येतो. बस्स, एवढंच. त्यावर कुणी काही बोलतसुद्धा नाही.

हर्षदनं कॅसेट थांबवली, मागे नेली, आणि तो प्रसंग पुन्हा पाहिला.

"ग्रह लहान, म्हणून ओढ कमी," तो म्हणाला. "पहिली ते दहावी आम्हाला हे शिकवलं, पण असं कुणी दाखवलं नाही. ज्यानं हे लिहिलं तो माणूस विचार करणारा आहे."

"याचा दुसरा भाग बनायलाय," गौतम म्हणाला. त्याचा चेहरा फुलून आला होता. "हिरोचा डूप मीच. आणि ऐक ना, मास्टर म्हणालेत, दुसऱ्या भागातली एक छोटी फाइट तू बसव. मी! दहा वर्षांत पहिल्यांदा. जमली तर मला असिस्टंट करतील. मग नुसता मार खायचा नाही, मार कसा खायचा ते सांगायचं."

पुढच्या रविवारी त्यानं गच्चीवर खडूनं रेघा मारल्या. इथे मोठा दगड, इथे कॅमेरा, इथे शत्रू. आणि एकट्यानंच सगळ्यांची कामं करत त्यानं ती मारामारी हर्षदला दाखवली. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणारी बाई हातातलं काम टाकून बघत राहिली.

"दोघं समोरून येतात. एकाला कोपर, दुसऱ्याला लाथ. मग तो राक्षस मला मागून उचलतो आणि दगडावरून फेकतो. दहा फूट. धप्प!"

"धप्प?" हर्षद म्हणाला.

"हौ. खाली खोकी लावतात रिकामी, वर गाद्या. खोक्यांवर धप्प."

"गौतम, धप्प होणारच नाही. त्या ग्रहावर म्हाताऱ्यानं फेकलेला दगड खाली येईपर्यंत पाणी पिऊन झालं होतं. मग माणूस धप्पकन कसा पडतो? दगडाला एक नियम आणि माणसाला दुसरा?"

"अरे, पब्लिकला तो दगड कुठं आठवायलाय?"

"मला आठवतोय ना."

गौतम कठड्यावर बसला. खडू बोटांत फिरवत म्हणाला, "तुझं बरोबर आहे. पण माझं पण ऐक. फाइट म्हणजे काय? लागणं. माणूस हळूहळू तरंगत खाली आला तर लागलं कुठं? पिसाला काय लागतं? पब्लिक म्हणेल, हा पडला का झोपला?"

प्रश्न खरा होता. हर्षदला तो आवडला. त्यानं थोडा विचार केला आणि मग मास्तरासारखं बोट वर केलं.

"वजन कमी होतं, पण माणूस तेवढाच राहतो. सरळ खाली हळू येईल, मान्य. पण कुणी त्याला जोरात आडवा फेकला तर तो आडवा तेवढ्याच जोरात जाणार. आणि वाटेत दगड आला तर इथे लागतं तेवढंच तिथे लागणार. म्हणजे त्याला खाली पाडू नकोस, लांब जाऊ दे. उंचावरून, चाळीस फूट लांब, हवेत. सगळे बघतायत, तो जातोच आहे, जातोच आहे. आणि मग आडवा आपटतो."

 गौतम उठला, आणि सगळ्या रेघा पायानं पुसून टाकल्या.

तो पूर्ण आठवडा त्याला दुसरं काही सुचलं नाही. जेवताना तो भाकरीचा तुकडा हवेत आडवा नेऊन आमटीच्या वाटीवर थांबवी. कमरेला दोर बांधायचा, दोर वरच्या दगडावरून मागे न्यायचा, मागे तिघांनी धरायचा आणि बेताबेतानं सोडायचा. कॅमेऱ्यातली फिल्म वेगात पळवली की पडद्यावर ते संथ दिसेल. हर्षद कागदावर आकृत्या काढून देई. दोघांची अशी तंद्री लागलेली पाहून हणमंतराव एकदा हर्षदला म्हणाले, "तुम्ही शिकलेले, तुम्ही पण याच्या नादी लागलात?" पण ते रागानं म्हणाले नाहीत. मुलाशी कुणी शिकलेला माणूस इतका वेळ बोलतो, हे त्यांना आतून बरं वाटत होतं.

शूटिंग ऑगस्टमधल्या एका रविवारी होतं. गच्चीबावलीच्या पुढे तेव्हा नुसती दगडांची माळरानं होती. हत्तीएवढे गोल दगड एकावर एक, जणू कुणी रचून विसरून गेलेलं. त्यांच्यावर निळी पूड उधळली होती. हर्षद पहिल्यांदाच शूटिंग बघत होता. गौतमनं त्याला मास्टरांसमोर नेलं आणि तेलुगूत सांगितलं, हा माझा दोस्त, सायन्सवाला आहे.

यादगिरी मास्टर पन्नाशीचे, ठेंगणे, गुडघ्याला पट्टा बांधलेले. गौतमनं त्यांना सगळं समजावलं. उंच दगड, दोर, चाळीस फूट. त्यांनी ऐकून घेतलं, वरच्या दगडाकडे पाहिलं, मग दोराकडे पाहिलं आणि मान हलवली. आजचा दोर त्या कामाचा नाही, कप्पी नाही, दोर धरायला सरावाची माणसं नाहीत. दहा फुटांवरून पड. जेवणानंतर पहिला शॉट तोच. एवढं सांगून ते दुसऱ्या कॅमेऱ्याकडे निघून गेले.

जेवणाच्या सुट्टीत दोघं एका दगडाच्या सावलीत बसले. गौतमनं डबा उघडला नाही.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मास्टर म्हणतात तर दहाच फूट. पुढच्या पिक्चरला बघू."

हर्षदच्या हातात समोसा होता. तो काय म्हणाला, ते पुढं कितीतरी वर्षं त्याला शब्दन् शब्द पाठ राहिलं. तो म्हणाला, "बघ बाबा, तुझं काम आहे. पण ज्यांना तो दगड आठवतो ते हसतील. म्हणतील, याला फाइट दिली आणि यानं पण तेच केलं, धप्प."

तो हे चिडवायला बोलला नव्हता. वादात शेवटचं वाक्य आपलं असावं, एवढीच त्याची सवय होती.

गौतम उठला. जेवत बसलेल्या तीन फायटरांना त्यानं हाक मारली. कॅमेरामनच्या कानात काहीतरी सांगितलं. मास्टर राजी असतील असं समजून कॅमेरामन कॅमेरा वळवायला लागला. गौतम दगडांवर पाय देत वर गेला, अगदी वर, निळ्या पुडीचे ठसे ठेवत. खालून तो खरंच दुसऱ्या ग्रहावरचा दिसत होता. कमरेला दोर आवळला आणि हर्षदकडे बघून हात उंचावला.

उडी फार सुंदर होती. तो दगडावरून सुटला आणि आडवा, हात पसरून, जातच राहिला. हर्षदच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मग वरच्या दगडाच्या धारेवर दोर घासला, मागच्या तिघांच्या हातांतून सर्रकन सुटला, एका झटक्यानं पुन्हा अडकला, आणि गौतम झोपाळ्यासारखा मागे फिरून कमरेवर दगडाला आपटला. खोक्यांपासून चांगला दहा हात अलीकडे.

सगळे धावले. मास्टर लंगडत सर्वांत आधी पोहोचले. गौतमचा चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्ध होती.

"एवरु चेप्पारु?" मास्टर ओरडले. कुणी सांगितलं? हर्षदला एव्हाना एवढं तेलुगू कळत होतं. "मी नाही म्हटलं होतं! कुणी सांगितलं तुला?"

गौतमनं नजर वळवली. हर्षद मास्टरांच्या मागेच उभा होता, हातात अजून तो अर्धा समोसा. क्षणभर दोघांची नजर भेटली.

"नेने, मास्टर," गौतम म्हणाला. मीच.

हर्षद काही बोलला नाही. त्या गोंधळात बोलायला जागा कुठे होती, असं त्यानं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण जागा होती. मास्टर तिथंच गुडघ्यावर बसले होते, आणि गाडी यायला दहा मिनिटं लागली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण उड्या विसरा. मास्टर दोनदा भेटायला आले, फळं घेऊन आले. पण ज्यानं सांगितलेलं ऐकलं नाही त्याला युनिटमध्ये परत घेणार नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं. उद्या त्याच्या शब्दावर दुसरा कुणी उडी मारेल, ते म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर हणमंतराव हर्षदशेजारी येऊन बसले. शर्टाची इस्त्री त्या दिवशी चुरगळलेली होती.

"हर्षदराव, तुम्ही होतात तिथं," ते म्हणाले. "मास्टर नाही म्हणाले होते म्हणतात. मग हा वर का गेला? कुणी भरीला घातलं का याला?"

त्यांनी इतक्या सरळ विचारलं होतं की खरं सांगणं सोपं होतं. हर्षदनं तोंड उघडलं.

"मी लांब होतो, काका," तो म्हणाला. "मला नीट ऐकू आलं नाही."

हणमंतरावांनी मान डोलावली. "म्हणजे हिरोगिरीच," ते म्हणाले. "चार माणसांत टाळ्या पाहिजेत."

त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. एकाच घरात, एकाच चटईवर जेवत. "त्याला म्हणावं गोळी घे," असं मालनबाईंना सांगत, आणि गौतम समोरच बसलेला असे. मालनबाई मधल्यामध्ये निरोप्या झाल्या. हर्षद त्याच चटईवर तिसरा. रोज त्याला वाटे, आज सांगू. मग मालनबाई त्याच्या पानात भाकरी वाढत, आणि तो खाली मान घालून खाई. गौतमनं मात्र ना घरात, ना गच्चीवर, त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. उलट तोच विचारी, "दोराला कप्पी असती तर जमलं असतं ना? हिशोबात तर चूक नव्हती?" आणि हर्षद म्हणे, "नाही, हिशोबात चूक नव्हती."

संक्रांतीला 'नीलग्रहम्'चा दुसरा भाग लागला. गौतमनं पहिल्याच आठवड्यात दोन तिकिटं आणली. काठी टेकत तो थिएटरच्या पायऱ्या चढला. सिनेमा यथातथाच होता. सगळ्या मारामाऱ्यांत माणसं धप्पकन पडत होती, पुठ्ठ्याची यानं मात्र वाऱ्यावर उडत होती. मग ती उडी आली. त्यांनी ती ठेवली होती. निळ्या दगडावरून हिरो सुटतो, आडवा, हात पसरून, जातो, जातच राहतो. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं, पडद्यावर कुणी नाणी फेकली. आपटण्याच्या आधी चित्र कापलं होतं. पुढच्याच चित्रात हिरो उठून कपडे झटकत होता.

मध्यंतरात बाहेर दोन कॉलेजची पोरं हिंदीत वाद घालत होती. एक म्हणत होता, पूरा बकवास, आदमी ऐसा उडता क्या? लॉजिकच नहीं. गौतम काठीवर रेलून त्यांच्याकडे वळला.

"भाई, पहला पार्ट देखे क्या?" तो म्हणाला. "बुड्ढा पत्थर फेकता, याद है? छोटा ग्रह है, खिंचाव कम है. बाकी पूरे पिक्चर में गलत है, ये एकच सीन सही है." आणि तो त्यांना समजावू लागला. वजन कमी होतं पण माणूस तेवढाच राहतो, आडवा फेकला तर आडवा तेवढ्याच जोरात जातो. हर्षदचेच शब्द, त्याच क्रमानं; बोटसुद्धा तसंच वर केलेलं. पोरं ऐकत राहिली. ती उडी मारणारा माणूस आपल्यासमोर उभा आहे, हे त्यानं त्यांना सांगितलं नाही. जाताना एक पोरगा म्हणाला, "सही बोले भाई, अब समझा." गौतमनं वळून हर्षदकडे पाहिलं. तो इतका खूश होता की हर्षदला तिथं उभं राहवेना. पाणी आणतो म्हणून तो गर्दीत शिरला.

मार्चमध्ये कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं. निघायच्या दिवशी मालनबाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि तिखटाच्या पुऱ्या बांधून दिल्या. हणमंतराव इस्त्रीचा शर्ट घालून दारापर्यंत आले. हर्षद पाया पडला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही डोक्यानं चालणारी माणसं. आमच्या घरात असं एक असतं तर." गौतम रिक्षात सामान ठेवत होता. त्यानं ते ऐकलं. ऐकू येण्याइतका तो नक्कीच जवळ होता.

पहिलं वर्ष हर्षदनं दर महिन्याला फोन केला. मग सणासुदीला. मग नीलिमाशी त्याचं लग्न झालं, घर बदललं, आणि नंबर डायरीत तसाच पडून राहिला.

दोन हजार चार साली कंपनीनं हैदराबादेत स्वतःचं मोठं ऑफिस थाटलं आणि हर्षदला तिकडे धाडलं. ऑफिस गच्चीबावलीच्या पुढे होतं. दगडाचं ते माळरान फोडून सपाट केलं होतं, आणि ती उडी नेमकी कुठे झाली होती हे त्याला पहिल्या आठवड्यात तीनदा हिंडूनही सापडलं नाही. त्या शनिवारी तो काचीगुड्याला गेला.

गौतम स्टेशनसमोरच्या खाजगी बसच्या ऑफिसात काउंटरवर होता. लातूर, उदगीर, नांदेड. अंगानं सुटला होता, कपाळावरची खूण तेवढी तशीच. हर्षदला पाहून तो खुर्चीतून उठला; उठताना एक हात टेबलावर, एक मांडीवर.

"पुणेवाले!" तो ओरडला. "अमेरिकेत जेवायला देत नव्हते का? केवढा वाळलास!"

चहा आला. सगळ्यांची चौकशी झाली, आणि मग गौतमनं सांगितलं की आबा, म्हणजे हणमंतराव, गेले. दोन वर्षं झाली. झोपेतच.

"बोलले का तुझ्याशी?" हर्षदनं विचारलं. त्याला दुसरं काही विचारताच आलं नाही.

"शेवटच्या महिन्यात थोडं थोडं. पाणी दे, पंखा लाव. एवढं." गौतमनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "पण ते मनातून गेलं नाही त्यांच्या. पोरानं टाळ्यांसाठी हाड मोडून घेतलं, हेच धरून गेले."

मग हर्षद बोलला. काउंटरपलीकडे लोक तिकिटं मागत होते, गौतम एका हातानं ती फाडून देत होता, आणि हर्षद बोलत होता. समोशाबद्दल, त्या एका वाक्याबद्दल, मास्टरांसमोर गप्प राहण्याबद्दल, आणि दवाखान्यातल्या बाकाबद्दल. बाकाचं ऐकताना गौतमचा हात थांबला.

"आबांनी तुला विचारलं होतं?"

"हो."

"सरळ विचारलं?"

"सरळ. मी म्हणालो, मी लांब होतो."

गौतमनं तिकिटांचा गठ्ठा खाली ठेवला. "हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मी तुला उडी मारायला लावली, गौतम."

"नाही," तो एकदम म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "ते नक्को घेऊ. उडी माझी होती. मला पटली म्हणून मारली. दहा वर्षं दुसऱ्याच्या सांगण्यावरून पडलो, एकदाच स्वतःच्या मनानं पडलो. तू म्हणालास म्हणून मी उडालो असं म्हणशील तर मग माझं काय राहिलं त्यात?" त्यानं एका म्हातारीला सुट्टे परत केले. "मास्टरांचं पण सोड. ते मला ठेवणारच नव्हते. पण आबांना तू सांगायला पायजे होतं. ते तुझं मानायचे. तू म्हणाला असतास की हा डोक्यानं वर गेला, हिशोब करून गेला, फक्त दोर वाईट होता, तर ते माझ्याशी बोलले असते."

"तू का नाही सांगितलंस त्यांना?"

"माझं कुठं ऐकणार होते ते? आणि तुझं नाव घेतलं असतं तर तू त्या घरात कसा राहिला असतास? माय तुला जेवायला कशी वाढली असती?"

 वादात पुढचं वाक्य सापडलं नाही, असं हर्षदच्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालं होतं.

"काकूंना सांगतो," शेवटी तो म्हणाला. "आजच."

"नक्को." गौतमनं मान हलवली. "तुझं हलकं होईल, तिचं जड. ती आता आबांवर चिडेल, मग तुझ्यावर, मग स्वतःवर. आबा तर येणार नाहीत बोलायला. राहू दे आता."

संध्याकाळी सातला त्यानं काउंटर दुसऱ्याच्या हवाली केलं आणि दोघं घरी गेले. मालनबाईंना आता कमी दिसत होतं. त्यांनी हर्षदचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, रडल्या, आणि मग एवढ्या वर्षांत फोन का केला नाहीस म्हणून चांगल्या अर्धा तास बोलल्या. भिंतीवर हणमंतरावांचा फोटो होता, कडक इस्त्रीच्या शर्टातला. हर्षद त्याच्याखालीच बसला, म्हणजे तो समोर येत नव्हता.

"तुझी लई आठवण काढायचे," मालनबाई म्हणाल्या. "म्हणायचे, तो पोरगा असता तर याला वळण लागलं असतं."

गौतमनं ताटावरून नजर उचलून हर्षदकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आणखी एक घे," मालनबाईंनी भाकरी पुढे केली.

हर्षदचं पोट भरलं होतं. त्यानं ताट पुढे केलं.